पोटातले ऊन

सकाळचे ऊन आमच्या तपासणीच्या खोलीत एकदम येत नाही. आधी अजिंक्यताऱ्याच्या माथ्यावरचे वाळके गवत तांबूस होते. मग समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाक्यांच्या कडा उजळतात, एखाद्या टाकीवर बसलेला कावळा क्षणभर जांभळा दिसतो, आणि त्यानंतर, कोणाची तरी परवानगी घेतल्यासारखी, पूर्वेच्या खिडकीतून एक तिरपी पट्टी फरशीवर उतरते. तिचा रंग सुरुवातीला पातळ चहासारखा असतो. ती खाटेच्या पायावरून पलीकडे जाऊन समोरच्या पांढऱ्या भिंतीवर चढलेली असते. मग भिंतीवर एकेक सावली उमटू लागते. सलाईनच्या दांड्याची, त्याच्या वरच्या आकड्यांसकट. हातमोज्यांच्या खोक्याची. खिडकीच्या गजांची. आणि दुर्बिणीच्या नळीची. ती नळी हातात धरून, तिचे टोक तपासत, मी उभा असतो; भिंतीवर मात्र ती खुंटीला टांगल्यासारखी अधांतरी लोंबत असते. मला हे चित्र फार आवडते. त्या थोड्या वेळात खोलीत दुसरे कोणी नसते आणि कोणाशी काही बोलावे लागत नाही.

मग मी खिडकीचा काळा, जाड पडदा ओढतो. ऊन नाहीसे होते आणि आमचा उजेड सुरू होतो.

माझे नाव विश्वजित. साताऱ्यातल्या एका खाजगी रुग्णालयात मी दुर्बिणीच्या तपासणीचा तंत्रज्ञ आहे. तोंडावाटे नळी जठरापर्यंत उतरवणे आणि आतले चित्र स्क्रीनवर पाहून निदान करणे हे डॉक्टर प्रांजल मॅडमचे काम. नळी स्वच्छ ठेवणे, दिवा पेटवणे, रंग जुळवणे आणि तपासणी चालू असताना यंत्रापाशी उभे राहणे हे माझे. सिस्टर माया रुग्णाचा हात धरतात आणि त्याच्याशी बोलतात. बोलण्याचे काम माझ्याकडे नाही, म्हणूनही मला ही नोकरी बरी वाटते.

शरीराच्या आत उजेड नसतो, ही गोष्ट कोणाला सांगावी लागू नये. पण तिचा अर्थ मला या खोलीतच कळला. जठराचा गुलाबी रंग जठरात नसतोच. आम्ही उजेड नेतो तेव्हा तो तिथे येतो आणि नळी काढली की जातो. म्हणून सकाळी पहिल्या रुग्णाआधी मी नळीचे टोक गॉजच्या पांढऱ्या घडीसमोर धरतो आणि बटण दाबून यंत्राला सांगतो, की हे पांढरे आहे. त्यानंतर दिवसभराचे सगळे लाल, पिवळे, गुलाबी यंत्र त्या एका पांढऱ्याच्या भरवशावर ठरवते. नळीच्या टोकाला मधोमध कॅमेऱ्याचा डोळा असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक प्रकाशखिडक्या. एकीने पाडलेली सावली दुसरी पुसते. शिवाय उजेड आणि डोळा इतके जोडीने पुढे जातात, की उरलीसुरली सावली वस्तूच्या मागे, डोळ्याला न दिसणाऱ्या बाजूला दडते. खोलगट जागी काळोख दिसतो, पण आमच्या चित्रांत लांब, आडवी सावली म्हणून कधी नसते.

त्यामुळे पाचगणीच्या एका वसतिगृहातल्या आचाऱ्याच्या जठरात ती दिसली, तेव्हा मी दचकलो.

ती जठराच्या भिंतीवरची एक फिकट, लांबट पट्टी होती. तिच्या एका बाजूची कड ठळक होती, दुसरी विरघळत गेलेली.

"विश्वजित, टोक नीट धुतलंत ना?" मॅडमनी विचारले.

"हो मॅडम."

"मग हे काय आहे?"

त्यांनी पाण्याची पिचकारी मारली. पाणी ओघळले, पट्टी तशीच राहिली. त्यांनी चिमट्याने तिथला भाग हलकेच दाबला. भाग दबला, पट्टी त्याच्या वळणावरून वाकली आणि पुन्हा सरळ झाली. तो डाग असता तर असा वाकून सरळ झाला नसता. मॅडम म्हणाल्या, "लेन्सचं काहीतरी असेल. बघून घ्या."

मी बघितले. लेन्स पुसली, केबल बदलून पाहिली, दिवा नवा बसवला. पट्टी पुढच्या आठवड्यात दुसऱ्या एका रुग्णात दिसली, मग तिसऱ्यात. यंत्रात साठवलेली चित्रे मी एकापुढे एक लावली आणि मला जे दिसले त्याने भीतीपेक्षा आनंदच झाला, हे कबूल केले पाहिजे. दिवसाच्या पहिल्या रुग्णात ती पट्टी लांब असे. त्यानंतरच्यात आखूड. दुपारच्या सुमारास ती आक्रसून एका ठिपक्याएवढी उरे. जाड पडद्याआड, माणसाच्या पोटात, जिथे आमच्या दिव्याशिवाय काही पोहोचत नाही, तिथे बाहेरच्या सूर्याच्या हिशेबाने सावली पडत होती.

मी पडद्याच्या कडा चिकटपट्टीने बंद केल्या. सावली पडलीच. त्या दिवसांत मी बसस्टँडवरून माझ्या राहत्या खोलीकडे चालत जाताना मनात तीच आकृती फिरवत असे. ऊन कुठून येते? आणि सावली असेल, तर मध्ये काय उभे आहे?

हे मी कोणालाही सांगितले नाही. मी फारसे काही कोणालाच सांगत नाही.

"तुम्ही कधी आलात?" एका सकाळी सिस्टर माया दारातच छातीवर हात ठेवून म्हणाल्या. "मी इथे उन्हाकडे पाठ करून उभी, आणि तुम्ही माझ्या मागून आत गेलात. चाहूलसुद्धा नाही. बकऱ्याच्या गळ्यात बांधतात ना, तसली घंटा बांधा आता."

"आमच्याकडे घंटा पुढच्या बकऱ्याला बांधतात," मी म्हणालो. "मी मागचा."

त्या खूप हसल्या. मला दिवसभर बरे वाटले.

मध्ये मी गावी गेलो होतो तेव्हा यंत्रापाशी सिस्टर माया उभ्या राहिल्या. त्या सगळ्या दिवसांची चित्रे स्वच्छ निघाली. माझ्या माघारी कंपनीचा माणूस येऊन केबल बदलून गेल्याचे कळले आणि कोडे सुटले म्हणून मी थोडा हिरमुसलो. मी कामावर आलो त्या सकाळी सावली पुन्हा दिसली. नवी केबलही बिघडली असावी, असे मी ठरवले.

*

माझे गाव कवठे महांकाळच्या पुढे, माळावर. आमची शेळ्यामेंढरे पाळणारी घरे. आता थोडी शेतीही आहे. आई लवकर गेली, वडील सैन्यात होते, म्हणून मला आत्याने वाढवले. दगडाबाई तिचे नाव. लहानपणी घरी पाहुणे आले की मी लाजून तिच्या मागे जाऊन उभा राही, तिची सावली जिथे पडेल तिथे. पाहुणे विचारत, पोरगा कुठाय? आणि आत्या म्हणे, "हाय की. माज्या पाठीला चिकटलाय."

ती आत्या वाळत चालली होती. गेल्या वेळी गावी गेलो तेव्हा तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढत होत्या. ताटात भाकरी तशीच पडून राही.

"भूकच न्हाई रं. तुला बघितलं की पोटात जागाच ऱ्हात न्हाई," ती म्हणाली.

शेजारच्या मंगलने मला अंगणात बाजूला घेतले. "दादा, तुमी यायच्या आदी चांगल्या दोन भाकरी खात हुत्या. आता काय झालं कुणास ठावं."

मी आत्याला साताऱ्याला घेऊन आलो. माझ्या खोलीवर ती आली तसे तिचे खाणे आणखी तुटले. अखेर मी प्रांजल मॅडमना विचारले आणि एका सकाळी पहिलाच नंबर तिचा लावला.

"आत दिवा सोडत्यात व्हय रं?" खाटेवर बसून तिने विचारले.

"हो आत्या. बारीकसा."

"आन् बघनार काय? हुलग्याच्या पातळ माडग्याबिगार काय न्हाई तितं."

"आम्हाला पण द्या की आजी माडगं," सिस्टर माया म्हणाल्या.

"गावाला ये, भांडंभर प्यायला दीन. ह्यो नुस्ता बघत बसतुया, खात न्हाई."

तिच्या घशात औषधाचा फवारा मारला, तिला डाव्या कुशीवर घेतले, नळी आत गेली. अन्ननलिकेचा फिकट बोगदा सरला, जठराच्या वळ्या उलगडल्या, आणि मॅडमचा हात थांबला.

ही पट्टी नव्हती. वरच्या टोकापासून खालच्या वळणापर्यंत, जवळजवळ अर्धे जठर व्यापून, एक काळसर आकार भिंतीवर पडला होता. आत्याच्या श्वासाबरोबर भिंत हलत होती. आकार हलत नव्हता.

मॅडमनी तिथले तुकडे तपासायला घेतले. नळी बाहेर काढल्यावर त्यांनी मला बाहेर बोलावले.

"तुकड्यांचा अहवाल येऊ दे. पण विश्वजित, इतका मोठा भाग काळा पडलाय. आत पसरलेलं काही असेल, तर वरच्या तुकड्यात सापडणारही नाही. सांगलीला माझ्या जुन्या सरांना दाखवा, त्यांचं यंत्र चांगलं आहे. त्यांनाही हेच दिसलं, तर जठराचा बराचसा भाग काढावा लागेल."

"या वयात?"

"म्हणूनच म्हणते, उशीर नको."

मला म्हणायचे होते, की मॅडम, ती सावली आहे. सावलीला कापता येत नाही. पण सावली म्हटली की कोणाची, हा प्रश्न येतो, आणि तो यायच्या आत मी मान डोलावून नळी धुवायला गेलो. तुकड्यांच्या अहवालात काहीच निघाले नाही. मॅडम म्हणाल्या, तरीही सांगलीला जा.

*

सांगलीला जाण्याच्या आदल्या दिवशी मी आत्याला गावी नेले. तिला आपली बकरी एकदा बघायची होती. दुपार कलत असताना ती कुंपणापाशी दगडावर बसली. ऊन तिच्या डोळ्यांवर येत होते.

"इस्वजित, जरा म्होरं हू रं. सावली कर."

मी तिच्यासमोर, सूर्याला पाठ करून, उभा राहिलो. माझ्या पाठीला ऊन चटचटत होते. तिने डोळे बारीक केलेलेच ठेवले.

"हू की म्होरं."

"उभा आहे की आत्या."

"मग ऊन हाय तसंच कसं?" ती पुटपुटली आणि तिने पदर कपाळावर ओढून घेतला.

सूर्य अजून वर असेल, असे मी स्वतःला सांगितले. बकऱ्यांच्या सावल्या तेव्हा कुंपणापलीकडे पोहोचल्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिले नाही.

*

सांगलीच्या त्या रुग्णालयातली तपासणीची खोली तळमजल्यावर, इमारतीच्या पोटात होती. तिला खिडकीच नव्हती. तिथला तंत्रज्ञ पप्पू गोरा, गुटगुटीत आणि बोलघेवडा होता. मीही त्याच्याच धंद्यातला आहे हे कळल्यावर त्याने मला बाहेर बसू दिले नाही.

"आवं सातारकर, या की आत. भाईर कशाला थांबताय पावन्यागत? आज्जी, तुमचा पोरगा लाजतूय बगा."

"त्यो जल्मापासनं तसाच हाय," आत्या म्हणाली. "तुज्यासारखा असता तर गावात ऱ्हायला जागा न्हवती."

सरांनी नळी हाती घेतली. ते वयस्क, शांत गृहस्थ होते. पप्पूने गॉजवर रंग जुळवून घेतले; मी यंत्राच्या डाव्या बाजूला, ट्रॉलीवर हात टेकून उभा राहिलो. नळी उतरली. आत्याची बोटे तिथल्या सिस्टरच्या हातात घट्ट रुतली होती.

सर म्हणाले, "हं. आहे."

तो आकार इथेही होता. साताऱ्यापेक्षा अधिक ठळक, कारण यंत्र चांगले होते.

"पप्पू, निळा उजेड दे."

हा उजेड निळसर-हिरव्या किरणांचा असतो. त्यात रक्तवाहिन्या तपकिरी होऊन वर येतात आणि रोगट जागेची जाळी विस्कटलेली दिसते. चित्र बदलले. आकाराच्या आतली जाळी अगदी नेटकी होती, कोवळ्या पानाच्या शिरांसारखी. आणि आकाराच्या कडेला, जिथे निळ्या-हिरव्याशिवाय कुठलाच रंग असायला नको होता, तिथे एक पिवळी किनार होती. पातळ चहाच्या रंगाची.

तो रंग मी रोज सकाळी पाहत होतो.

"जाळी तर चांगली आहे," सर स्वतःशीच म्हणाले. "पण एवढा भाग... नाही, धोका नको. याच आठवड्यात काढून टाकू. नातेवाईक तुम्हीच ना?"

खाटेवरून आत्याने माझ्याकडे पाहिले. तोंडात नळी होती. तिला बोलता येत नव्हते. मात्र तिला सगळे ऐकू आले होते.

"सर," मी म्हणालो. "एकदा दिवा बंद करून बघाल का?"

"दिवा? मग दिसेल काय?"

"काहीच दिसायला नको, सर. तेवढंच बघायचं आहे."

त्यांनी मला क्षणभर न्याहाळले. मग पप्पूकडे मान हलवली.

पप्पूने बटण दाबले. यंत्रावरची दिव्याची खूण विझली.

स्क्रीन अंधारली नाही.

जठराची भिंत कोवळ्या, तिरप्या उन्हात उजळून निघाली होती. तिच्यावरचा ओलावा सकाळच्या पानासारखा चमकत होता. आणि त्या उन्हात ती सावली पहिल्यांदाच पूर्ण कडांनी दिसली.

तिला डोके होते. किंचित वाकलेले खांदे होते. एक हात खाली सुटलेला होता, आणि दुसरा कशावर तरी टेकलेला.

"बंद कर म्हटलं ना," सर म्हणाले.

"केलाय की सर," पप्पू यंत्राच्या मागे वाकून म्हणाला. "ह्यो बघा, इझलाय."

मी ट्रॉलीवरचा हात उचलला.

आत्याच्या पोटातल्या सावलीने हात उचलला.

मी तो तसाच धरून ठेवला. तिनेही.

मी एक पाऊल मागे आलो. मग आणखी एक. दार माझ्या पाठीला लागले. मी ते ढकलले आणि बाहेर आलो.

बंद दारातून पप्पूचा आवाज आला. "आता झाला बगा अंदार. मगाशी अडाकलं असंल काय तरी."

"लाव परत."

नळीत हवा सोडल्याचा बारीक आवाज. सिस्टरचे आत्याला थोपटणे.

"अरे," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात आश्चर्य होते, आणि म्हाताऱ्या माणसाला क्वचितच होणारा एक निखळ आनंद. "काही नाही. पप्पू, बघ. सगळं स्वच्छ आहे. आजीबाई, तुमचं पोट एखाद्या पोरीसारखं आहे."

*

घशातली बधिरता उतरल्यावर आत्याने पोहे मागितले. रुग्णालयाच्या आवारात, चहाच्या टपरीसमोर लाकडी बाक होते. मी तिला पोह्यांची बशी आणून दिली, माझ्यासाठी चहा घेतला आणि पलीकडच्या टोकाच्या बाकावर, जितके दूर बसता येईल तितके दूर, जाऊन बसलो. ती खाऊ लागली. बशी संपवून तिने टपरीवाल्याला दुसरी मागितली. तिला इतके चवीने खाताना मी किती तरी दिवसांनी पाहत होतो, आणि ते पाहण्यासाठी मला इतक्या दूर बसावे लागत होते.

"तितं लांब का बसलाईस रं?" ती ओरडली. "हिकडं ये की."

"इथे बरं आहे, आत्या. ऊन छान आहे."

"घराकडं येतोस न्हवं संगट?"

"पप्पू तुला गाडीत बसवून देईल. मला साताऱ्याला जायला हवं."

"सनाला तरी येशील?"

"फोन करेन," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि पोह्यांवर लिंबू पिळले.

सूर्य अजून पुरता वर आला नव्हता. आवारातली फरशी पिवळ्या उन्हाने भरली होती आणि तिच्यावर सगळ्यांच्या सावल्या लांबल्या होत्या. टपरीच्या छपराची. रिकाम्या व्हीलचेअरची, तिच्या चाकांच्या आऱ्यांसह. आत्याची, तिचा घास उचलणारा हात फरशीवर खाली-वर होत होता. मी बसलो होतो त्या बाकाची, आरपार फटी असलेली.

मी चहाचा कप ओठांकडे नेला. बाकाच्या सावलीच्या वर, फरशीवर, कपाची छोटी सावली सावकाश वर गेली आणि थांबली. तिला धरणारा हात तिथे नव्हता.

माझी सावली पडत नव्हती. ती बऱ्याच दिवसांपासून पडत नव्हती.